दोरीवरचे तीन मणी

करावे गावात जाळी विणणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. पुतळा त्यांतली एक. तिच्या हातचं जाळं खाडीच्या ओढीला तीस वर्षं पुरून उरलं. तिची मुलगी उन्नती मात्र चोविसाव्या वर्षी वर बघत होती. उरणच्या कंटेनर यार्डातल्या उंच क्रेनवर तिला बसायचं होतं. गावातली एकही पोर तिथे चढली नव्हती. ट्रेनिंग पुरं झालं होतं, डोळ्यांची तपासणी तेवढी उरली होती.

पण दमली की तिचा डावा डोळा हळूच बाहेरच्या बाजूला सरकायचा, दोरी सैल पडलेल्या होडीसारखा. मग टांगलेला एक कंटेनर तिला दोन दिसायचा. तपासणीत ती तिथेच अडकली. तीन महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले.

सीवूड्सच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऋता मॅडमनी तिला एक दोरी दिली. तिच्यात लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी. एक टोक समोर बांधायचं, दुसरं नाकाशी धरायचं.

"ज्या मण्याकडे बघशील तो एकच दिसेल, पण दोऱ्या दोन दिसायला हव्यात. मण्यावर फुली पडल्यासारख्या. म्हणजे दोन्ही डोळे कामावर आहेत. आणि दर आठवड्याला ये."

उन्नती एकदा गेली. पुढे गेली नाही. घरी आई होती.

रोज संध्याकाळी ओटीवर पुतळा समोरचं टोक धरून बसायची.

"किती दोऱ्या दिसतान?"

"दोन. मॅडम बोलली, दोनच पायजेत."

"तिनं कवा जालं विनलंय? दोन दिसतान म्हनून तर औषध चाललंय आपलं! एक कर."

उन्नतीला ते पटलं. दोन दिसणं हाच तर तिचा आजार होता. ती त्या दुसऱ्या दोरीच्या मागेच लागली. दुसरी दोरी आधी फिकी झाली, मग तुटक झाली, आणि दीड महिन्यानं एका संध्याकाळी दिसेनाशी झाली.

"आय, एकच!"

पुतळानं शेजारच्या रंजिताला हाक मारली. "बघ गो, पोरीचा डोला घरी आला!"

"क्रेनीवर बसल्यावर आमाला वलख देशील ना गो?" रंजिता हसली. त्या दिवशी घरात कोलंबीचं कालवण झालं.

दुसऱ्या तपासणीत कुठली वस्तू जवळ, कुठली लांब, हे उन्नतीला सांगताच आलं नाही. ती ऋता मॅडमकडे धावली. मॅडमनी दोरी धरली, बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"एकच दिसते? कधीपासून?"

"दीड महिना झाला." अजूनही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"अगं, तुझ्या डाव्या डोळ्यानं बघणंच सोडलंय. दुसरी दोरी त्याचीच होती."

पुन्हा पहिल्यापासून करू, मॅडम म्हणाल्या. किती परत येईल, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. क्रेनवरची जागा त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाला गेली.

आता पुतळा जाळं बाजूला ठेवते आणि दोरीचं टोक धरून बसते. तिची बोटं त्या बारीक दोरीवर घट्ट असतात.

"दोन झाल्या का गो?"

"नाय, आय. एकच."

पुतळा दोरी आणखी ताणते.