दगडी क्रॉसच्या एकशे आठ प्रदक्षिणा

खरं सांगते, बाबा गेल्यापासून मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. आईला विसर पडायला लागला म्हणून तिला पुण्याहून इथे परदेशात, क्रेगीबर्नला माझ्याकडे आणलं. माझं नावसुद्धा विसरली, पण सकाळच्या तुळशीच्या प्रदक्षिणा काही विसरली नाही. आमची तुळस मात्र थंडीत गेली होती. त्या शनिवारी तिने चौथ्यांदा विचारलं, "तुळस कुठंय गं?" आणि मी खेकसले, "मेली ती! पुरे कर ना आता!"

मग मलाच कसंतरी झालं. तिला फिरवायला तासाभरावरच्या एका छोट्या गावात नेलं. एसी चालू ठेवून तिला गाडीत बसवलं, कॉफी घेऊन आले, तर गाडी रिकामी! बाहेर अडतीस डिग्री ऊन. पोलिसांना फोन केला, दुकानं पालथी घातली. पाऊण तास झाला. शेवटी भर रस्त्यात हात जोडले. "अंबाबाई, माझ्याच्याने नाही होत गं. आता तूच बघ."

पुढच्याच वळणावर चर्च होतं. अंगणातल्या हिरवळीवर तीन दगडी पायऱ्या, त्यांवर दगडी खांब, आणि त्याच्याभोवती अनवाणी चालणारी माझी आई! मागून एक उंच म्हातारे गृहस्थ तिच्यावर छत्री धरून चालत होते. "युअर मम? शी इज ओके, नो वरीज," ते हळूच म्हणाले. ते तिला बसवायला गेले तर ती रडायला लागली, म्हणून घरून छत्री आणली म्हणे. त्यांच्या पणजोबांच्या इंग्लंडमधल्या गावात शेकडो वर्षांचा दगडी क्रॉस होता, वरचा भाग तुटलेला. गावच्या आठवणीने पणजोबांनी इथे तसाच, तुटका घडवला. आईला ते तुळशीवृंदावन वाटलं. दर फेरीला ती पायरीवर एक खडा ठेवत होती.

"आलीस बाळा?" कितीतरी महिन्यांनी तिने मला ओळखलं. "सात राहिल्यात. माझे पाय दुखतायत, तू घाल."

पोलिसांना कळवलं, सँडल काढल्या आणि रडत, हसत सात फेऱ्या घातल्या. शेवटचा खडा ठेवला तशी आईने हात उंचावून आरोळी ठोकली, "अंबाबाईचा उदो उदो!" मी कुणाला साकडं घातलं, हे तिला कुठे ठाऊक होतं? त्या गृहस्थांनीही छत्री उंच धरून "उदो!" म्हटलं.

आईचा विसर वाढतोच आहे. पण तिला मी एकटी सांभाळते, हा माझा ताठा त्या हिरवळीवरच गळून पडला. मी हात जोडले, त्याच्या कितीतरी आधीच तिच्या डोक्यावर छत्री आली होती.