इंजिन वाचणारे इनासमामा

माझं ठरत आलेलं लग्न ज्यांनी भर अंगणात मोडलं, त्या इनासमामांना मी पुढे ते असेपर्यंत दर दिवाळीला फराळ पाठवत आले. आमच्या भाईंदरात कुणाला याचं नवल वाटे, तर कुणाला हा माझा निर्लज्जपणा वाटे. डबा पोचवायला मात्र दोन्ही मतांचे लोक तयार असत, कारण त्यांच्या घरून परतताना सुके बोंबील मिळत.

मामा म्हणजे मानलेले; भाईंदरजवळच्या, समुद्रकाठच्या पाली गावचे ख्रिस्ती. बाप-आजे समुद्रावर मासेमारी करत. हे तरुणपणीच मुंबईला मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागले. केस पिकल्यावर गावी परतले ते हत्यारांची एक पेटी आणि अफाट अहंकार घेऊन. आमच्या भातगिरणीचं इंजिन त्यांच्या ताब्यात होतं. म्हणजे गिरणी वडिलांची होती, पण ती चालवायची की नाही हे मामा ठरवत.

त्या काळी भाईंदरला मोटार आली की माणसं भोवती जमत. कुणी रंगावरून हात फिरवी, कुणी भोंगा दाबून पाही. मामा रंगाकडे ढुंकूनही बघत नसत. सरळ बॉनेट उघडायचं, रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने इंजिनाची कूस पुसायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि आकडे वाचायचे. मालकाला विचारायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"यो उठलेला आकडा बघ," ते मला सांगत. "लोखंड ओतला तवाच साच्यातून आला. यो त्याचा जनम. आनि यो खोल आकडा, तो मागनं ठोकलेला. यो बाप्तिस्म्याचा नाव. नाव बदलता येते पोरी, जनम न्हाय बदलत."

गावातल्या प्रत्येकाचा जन्म ठाऊक असलेल्या आमच्या आळीला हे काही नवीन नव्हतं. पण लोखंडालाही कूळ असतं, हे मला तरी त्यांच्याकडूनच कळलं.

माझ्या लग्नाची शेवटची बोलणी करायला ठाण्याचे अण्णासाहेब, म्हणजे तांदळाचे मोठे व्यापारी आणि माझे होऊ घातलेले सासरे, मुलाला घेऊन स्वतःच्या मोटारीने आले. घोडबंदरच्या रस्त्याने येता येता मोटार तापली आणि आमच्या दारात वाफा सोडत उभी राहिली. वडिलांनी घाईघाईने गिरणीतून मामांना बोलावलं. काम एवढंच होतं, पाणी घालायचं.

मामांनी पाणी घातलं. इंजिन निवेपर्यंत ते उगीच घुटमळले. मग खिशातून चिंधी निघाली. मी खिडकीआडून बघत होते.

"गाडी कवा घेतली, साहेब?"

"गेल्याच वर्षी," अण्णासाहेब ऐटीत म्हणाले. "एका गोऱ्या साहेबाची. विलायतेला परत जाताना विकली त्याने. जेमतेम वापरलेली."

"गाडी असल साहेबाची. इंजिन लॉरीचा हाय. आनि लय जुना."

"इनास!" वडील ओरडले. "पाणी घातलंस ना? जा आता."

"जातो की. पन आकडा बोलतो त्याला मी काय करू? जुना नंबर कानशीनं घासलाय, त्याच्यावर दुसरा ठोकलाय. सात वाकडा, तीन आडवा. कारखान्यात काय ताडी पिऊन ठोकतात?"

अण्णासाहेबांचा चेहरा त्यांच्या लाल फेट्याच्या रंगाचा झाला. एवढ्यावरही निभावलं असतं. मिस्त्री म्हणजे अडाणी माणूस, असं म्हणून सगळे हसले असते. पण नवरा मुलगा पुढे झाला, मामांच्या हातातली चिंधी घेऊन वाकला, पांढऱ्या कोटाची बाही काळी करून घेतली आणि म्हणाला, "बाबा, हे खरं सांगतायत. घासल्याच्या रेघा दिसतात."

परक्याचं खरं बोलणं एक वेळ पचतं, पोटच्या पोराचं पचत नाही. पाहुणे शिऱ्याला हात न लावता उठले. मोटारही अशी गुणाची, की पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

आईने डोळ्याला पदर लावला. वडिलांनी मामांना घर बंद केलं. गिरणी बंद केली नाही, कारण ती दुसऱ्या कुणाला सुरू करता येत नव्हती. अख्खं गाव म्हणू लागलं, इनासने पोरीचं लगीन मोडलं. मामा शांतपणे म्हणत, "मी लगीन कुठं मोडला? मी इंजिन वाचला." मला कुणीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की त्या काळ्या झालेल्या बाहीखेरीज मला दुसरं काही आठवत नाही.

पावसाळा सरल्यावर अण्णासाहेब टांग्यातून आमच्या दारात उतरले आणि पहिलं वाक्य बोलले, "तो माणूस कुठाय?"

मारामारी होणार, अशा समजुतीने वडिलांनी निरोप धाडला. पण गोष्ट उलटी होती. मामांना खोटं पाडायचंच म्हणून अण्णासाहेबांनी मोटार दोन जाणकारांना दाखवली होती. दोघांनीही इंजिन लॉरीचंच ठरवलं. भांडून-तंडून त्यांनी मोटार दलालाच्या गळ्यात परत मारली. दलालाने ती कल्याणच्या एका कापडवाल्याला विकली, आणि आता त्या बिचाऱ्याच्या दारात पोलीस उभे होते. इंजिन चोरीच्या लॉरीतलं होतं.

"मला दुसरी मोटार घ्यायची आहे," अण्णासाहेब खाली बघत म्हणाले. "ठाण्यात विश्वास ठेवावा असं कुणी दिसत नाही."

मामा हात पुसत पुसत म्हणाले, "येईन. पन आदी या घरात चाय घ्या. तवा शिरा तसाच टाकून गेलात." मग माजघराच्या दाराकडे वळून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "पोरी, तुला तो कोटवाला नवरा पायजे का?"

वडिलांनी कपाळावर हात मारला. मी दाराआडून म्हटलं, "कोटाचा डाग निघाला का, ते विचारा."

"नाही निघाला," अण्णासाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

लग्न झालं. आता गाव म्हणू लागलं, इनासने लगीन जुळवलं. मोडल्याचा आळ मामांनी झटकला होता. जुळवल्याचं श्रेय मात्र त्यांनी कधी नाकारलं नाही. पहिल्याच पंगतीला ते वरबापाच्या शेजारी बसले.

पुढे दुसरं महायुद्ध आलं, त्या लढाईत पेट्रोल मिळेना, आणि पालीला जाणं राहिलंच. लढाई संपल्यावर आम्ही गेलो तेव्हा मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तरी हट्टाने मोटारीशी आले. इंजिन निवल्यावर त्यांनी ओतीव आकड्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि जाहीर केलं, "लढाईच्या आदीचा. गाडीचा सोताचा."

ते इंजिन आम्ही आदल्याच वर्षी बदललं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरोबर, मामा."

पुढच्या नाताळाआधी मामा गेले, त्यामुळे ती शेवटचीच भेट ठरली. निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं होतं.

"तुजा नवरा खोटा बोलला," ते पुटपुटले. "बरोबर बोलायला येवढा येळ लागत न्हाय." आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "बापासमोर खरा बोलला तवा मला भ्या वाटला व्हता, या पोराचा संसार कसा व्हनार. आता काय काळजी न्हाय."