वाटेकडची सीट

लांबच्या विमानप्रवासासाठी माझी एक यादी आहे: सैल पायमोजे, मानेची उशी, डोळ्यांत घालायचे थेंब आणि वाटेकडची सीट. इकॉनॉमीतले सोळा तास सोसतात का, असं कुणी विचारलं की मी हीच यादी पाठवते.

या खेपेला मधल्या सीटवर पन्नाशीचा एक माणूस होता. त्याच्याजवळ हातात धरायची पिशवीही नव्हती. समोरच्या पडद्यावर नकाशातलं चिमुकलं विमान तो एकटक बघत होता. जेवणाचा ट्रे तसाच परत गेला, तेव्हा मी विचारलं, "बरं नाही का?"

"आई गेली काल, साताऱ्याला," तो म्हणाला. "भावाने बर्फाच्या पेटीत ठेवलंय माझ्यासाठी. पण भावकी म्हणते, किती थांबायचं."

माझ्या यादीत यासाठी काही नव्हतं. मी वाटेकडची सीट त्याला दिली. म्हटलं, "इथे बसा. लवकर बाहेर पडाल." मधल्या सीटवर कोपर टेकायला जागा नसते, आणि रडायला तर नाहीच. अर्धा प्रवास त्याने तिथे कसा काढला, ते मला तेव्हा कळलं.

चाकं टेकली. त्याने फोन सुरू केला, भावाचा मेसेज वाचला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. सगळे उठून बॅगा काढू लागले. तो पट्टा न सोडता बसून राहिला.

खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "काकू, त्यांना उठायला सांगा ना."

"बसू दे त्यांना," मी हळूच म्हटलं.

विमान रिकामं झालं तरी आम्ही तिघं तिथेच होतो.