दगडफुलाचा ओक

बँकेतली नोकरी सोडून ऋजुता स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या पावसाळी जंगलात लोकांना हिंडवायला लागली, तेव्हापासून लंडनजवळच्या स्टॅनमोरला तिच्या आईला, श्यामलाताईंना, धड झोप नव्हती. या वेळी लेकीला घरी परत न्यायचंच, असं ठरवून त्या आल्या होत्या.

त्या दिवशी ग्लासगोहून मराठी मंडळी आलेली, त्यांत श्रीकांतकाका आणि त्यांचा कुत्रा ब्रूनोही. ऋजुता एका म्हाताऱ्या ओकपाशी थांबली. चौघांच्या कवेत न मावणारा बुंधा, वर करडी झालर.

"हे दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातल्याचं चुलत भावंड. कुणी काढायचं नाही. आणि काका, ब्रूनोचा पट्टा सोडू नका. नेच्यांत हरणांची पाडसं असतात."

"अगं, ब्रूनो पक्का पुणेकर आहे. दुपारचा कुणाच्या वाटेला जात नाही," श्रीकांतकाका म्हणाले. सगळे हसले.

तिची पाठ वळली आणि काकांनी पट्टा काढून खिशात घातला, दगडफूल ओरबाडायला दोन्ही हात मोकळे केले. ब्रूनो नेच्यांत घुसला. किंकाळी उठली, थेट तान्ह्या मुलासारखी.

पाडसाचं पोट फाडून ब्रूनो आतडी ओढत होता. ऋजुताने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. तो उलटला आणि त्याने तिच्या हाताचा लचका तोडला.

"माझ्या कुत्र्याला मारतेस?" काकांनी तिला खसकन ओढून बुंध्यावर आदळलं. कुणीतरी काकांना धरलं, कुणी ब्रूनोला.

पाडस अजून तडफडत होतं.

"व्हेटला बोलवा," काका पुटपुटले.

"तोवर हे असंच ओरडत राहणार." ऋजुताने धडक्या हाताने चाकू काढला. दुसरा हात उचलवत नव्हता. "आई, डोकं धर."

श्यामलाताईंनी आयुष्यात कोळंबीसुद्धा सोलली नव्हती. त्या चिखलात बसल्या आणि ते गरम, थरथरतं डोकं शेवाळावर दाबून धरलं.

"डोळे मिट, आई."

"नको. तू नीट कर."

रक्ताची चिळकांडी त्यांच्या तोंडावर उडाली. खूर मातीत खरवडले आणि थांबले.

श्यामलाताई उठल्या. काकांसमोर हात पसरून म्हणाल्या, "पट्टा द्या." लेकीच्या हाताला आपली ओढणी गुंडाळून वरून तो करकचून आवळला.

"आता घरी चल म्हणशील ना?" ऋजुताने विचारलं.

"म्हणणार होते." त्यांनी गाठ मारली. "आधी हॉस्पिटलात चल. आणि पुढच्या टूरला कुत्री आणायची नाहीत, हे बुकिंगलाच सांगत जा."