कपड्यांना चाकं

प्रवासाची विमान कंपनी बदलताना जुन्या कंपनीत माझे थोडे माइल्स, म्हणजे प्रवासावर मिळालेले बक्षिसाचे गुण, शिल्लक राहिले. तिकिटाला पुरेनात, म्हणून त्यांवर चाकांची बॅग घेतली आणि मिरवायला सासुरवाडीला, धारूरला नेली. साल दुष्काळाचं. साखर कारखान्यानं पाठवलेल्या पाण्याच्या टँकरवरून डोक्यावर भरली घागर घेऊन निघालेल्या एका बाईनं मान न हलवता नुसते डोळे बॅगेकडे वळवले.

“काय हाय वो यात, पावनं?”

“कपडे.”

“अगं बया! कपड्याला चाकं, अन् पान्याला आमचं डोस्कं?”

रांगेतल्या बायका खिदळल्या. ती लाजून नको म्हणेल, या भरवशावर मी ऐटीत म्हणालो, “न्या की मग, मावशी!”

तिनं शांतपणे घागर उतरवली, बॅग उघडून कपडे माझ्या हातात दिले, घागर बॅगेत बसवली आणि बॅग ओढत घरी निघाली. जावईबापू बनियन-लेंगे काखोटीला मारून सासऱ्यांच्या दारात उभे राहिले.