मारोतरावांचा स्विच

स्टील प्लांटमधून क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर रुआबांधाच्या मारोतरावांना घरात फारसं कोणी काही विचारत नसे. मुलगी अनुजा शिकत होती तेव्हा त्यांनी दुर्गच्या भंगारवाल्याकडून तिला सरावासाठी कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा एक जुना नेटवर्क स्विच आणून दिला होता. पोरीची नोकरी त्यामुळेच लागली, या समजुतीवर त्यांची पुढची वर्षं बरी गेली.

अनुजा आता एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळते. ऑफिस, लॅब, हॉस्टेल हे वेगवेगळे कप्पे तिथे त्याच त्या तारांवर चालतात. मुख्य स्विचवर कप्पे आखले की बाकीचे स्विच ते विनातक्रार उतरवून घेतात. कोणाचं ऐकायचं, हे प्रत्येक स्विचवर झालेल्या बदलांच्या आकड्यावरून ठरतं; ज्याच्यावर उलथापालथ जास्त, त्याचा शब्द खरा. आपल्याकडे हे नवीन नाही.

एका सकाळी लॅबचा स्विच जळाला. नवा यायला वेळ होता. फोनवर हे कळताच मारोतराव भाजीच्या थैलीत तो जुना स्विच घेऊन कॉलेजात हजर.

"बाबा, तुमी कावून आले उनाचे? मी आली असती ना न्यायले."

"पडूनच राहिलो होतो. तो बी अन् मी बी. लाव."

तिनं लावला. नोकरी लागल्यावरही घरी सराव करताना तिनं हौसेनं कॉलेजच्याच नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड त्याला दिला होता, म्हणजे बाकीच्यांना तो आपल्यातलाच वाटणार, शेकडो वेळा कप्पे आखून पुसले होते. जुना स्विच लावण्याआधी बदलांचा तो आकडा शून्यावर आणायचा असतो. बाबा कौतुकानं बघत उभे, त्यात ते राहून गेलं. मारोतराव गेट ओलांडेपर्यंत सगळ्या कॉलेजनं त्या स्विचची कोरी पाटी इमानानं उतरवून घेतली होती.

ऑफिसातला चंपत धावत आला. "मॅडम, सब बंद! कोन्तं भूत बसवलं तुमी?"

"भूत नाही, चंपतभाऊ. माही चूक आहे. बसा, चहा घ्या."

संध्याकाळपर्यंत तिनं सगळे कप्पे पुन्हा हातानं आखले. बाबांचा स्विच थैलीत परत पाठवणं सोपं होतं. थैली उघडताना त्यांचा चेहरा पाहणं सोपं नव्हतं. तिनं तो ट्रान्सपरंट केला: दुसऱ्यांचे निरोप पुढे द्यायचे, स्वतः त्यातलं काही घ्यायचं नाही, आणि आपल्याजवळचं कोणाला सांगायचं नाही. मग लॅबमध्ये पुन्हा लावला.

घरी मारोतराव फाटकातच उभे होते. "चालला का वं?"

"चालला, बाबा. साऱ्या कॉलेजनं त्याचंच ऐकलं."

"मंग! मालच तसा होता."

आणि त्यांनी कुंपणापलीकडच्या तेजरामला हाक मारली. अनुजा चपला काढत तिथेच रेंगाळली, त्यांचं सांगून होईपर्यंत.