वडगावात विणलेलं टप

उद्यमबागेत रविवारी सकाळी जुन्या मोटारींचा मेळा भरलाय आणि त्यासाठी कामगारांच्या बसथांब्यासमोर दोर बांधलाय, असा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. रविवारी सगळ्याच फाउंड्र्या बंद नसतात. रात्रपाळी करून भट्टीवरून सुटलेल्या माणसानं पावसात बस पकडायची कुठं? चहा तसाच ठेवला आणि मोटरसायकल काढली.

दोर खरंच होता. मी तो सोडला, गुंडाळला आणि तिथं हुकूम सोडत फिरणाऱ्या माणसाच्या हातात नेऊन दिला. हा दिग्विजय, त्या मंडळींचा प्रमुख.

"हा थांबा तुमच्या वाडवडलांनी बांधला काय?"

"चुकलं आमचं," तो म्हणाला. "गाड्या मागं घेतो."

आणि घेतल्या की! भांडायला गेलेल्या माणसाची यापेक्षा मोठी पंचाईत नाही. लगेच परत फिरणं बरं दिसेना, म्हणून बघत हिंडलो. बुटक्या, लांब नाकाच्या, दोनच माणसं बसतील अशा गाड्या. काहींचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. आषाढाचा पाऊस एकसारखा भुरभुरत होता आणि गाड्यांचे मालक त्या पावसात उभे राहून गाड्या पुसत होते. पुसलं की भिजायची, भिजली की पुसायचे. ही कसली माणसं, हे काही केल्या कळेना.

ओळीच्या टोकाला एक हिरवी गाडी होती. तिच्यापाशी भरमू उभा. वडगावचा विणकर, घरी दोन पॉवरलूम, विजेच्या दराच्या मोर्चात माझ्या बाजूनं चाललेला माणूस.

"भरम्या? कुणाची गाडी राखालायस रं?"

आतून आवाज आला, "राखाय कशाला? आमचीच हाय."

वाकून बघितलं. आत त्याची बायको यल्लव्वा. कडक खळीचं लुगडं, हाताची घडी, आणि तोंडावर असा भाव की उतर म्हणायची हिंमत होऊ नये.

मग भरमूनं सांगितलं ते असं. गाडी कॅम्पातल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांची. भरमूची आई त्यांच्या घरी लुगडी घेऊन जायची. बंगला पाडायचा ठरला तेव्हा साहेबांनी 'महिनाभर ठेव' म्हणून गाडी भरमूच्या शेडात लावली. पुढं साहेब वारले. परदेशातली लेक आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कागदपत्रं भरमूच्या नावावर करून गेली.

शेडात मोकळी करता येईल अशी जागा होती ती फक्त यल्लव्वाच्या हातमागाची. खड्ड्याचा माग तो. विणणाऱ्यानं काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या पावड्या दाबायच्या. माग सुटा करून भिंतीला टेकवला आणि गाडी खड्ड्यावर आली. मग भरमूला उमगलं, खड्ड्यात उतरलं की गाडीचं सगळं पोट डोक्यावर येतंय! नट कुठं, तेल कुठून गळतंय, सगळं दिसतंय. ज्या खड्ड्यात बायकोनं तरुणपण घालवलं, त्यात उतरून हा गडी मेकॅनिक झाला.

"म्हणून मी हिच्यात कधी बसले न्हाय," यल्लव्वा म्हणाली. "माझ्या मागावर बसलीया ही भवानी."

"मग आज?"

"आज वर बघा की."

वर टप होतं. अशा उघड्या गाडीवर कमानी उभ्या करून कापडाचं छत ताणतात आणि पुढं काचेच्या चौकटीला टिचबटणांनी बसवतात, ते. भरमूच्या गाडीचं मूळचं टप उंदरांनी कधीच खाल्लेलं. पावसात उघडी गाडी हायवेवर न्यायची नाही, असा या मंडळींचा नियम, म्हणून भरमू खडेबाजारात रेक्झिन आणायला निघाला होता. तेव्हा बायको दारात आडवी झाली. "कोष्ट्याच्या घरात कापड इकत आणणार? लोकं काय म्हणतील?" तिनं माग दुसऱ्या कोपऱ्यात नवा खड्डा काढून उभा केला आणि तिहेरी सुतानं जाडजूड कापड विणलं.

"आणि जायचं कुठं?"

"निपाणी," भरमू म्हणाला आणि जरा लाजला. "म्हणजे निपाणीचं काय न्हाय अण्णा. तवंदी घाट. साहेब सांगायचं, घाटात हिचा आवाज डोंगरावर आपटून माघारी येतोय म्हणं. एकदा ऐकायचा हाय. एकटा गेलो आणि वाटंत बंद पडली म्हणजे? ह्यांच्यासंगं मेकॅनिकची व्हॅन असतीया."

इतक्या वर्षांत ती गाडी दसऱ्याला पूजा करून वडगावात एक चक्कर, यापलीकडं गेली नव्हती. निघायची वेळ होत आली. दिग्विजय एकेक टप हातानं दाबून बघत आला. भरमूचं दाबलं तर ढोलकीसारखं वाजलं.

"वा! कुठून आणलं हो?"

"आणलं न्हाय," यल्लव्वा आतून म्हणाली. पुढं काही सांगायची तिला गरज वाटली नाही.

आणि तेवढ्यात पाऊस वाढला.

आधी दारातून आत वाकलेल्या भरमूच्या नाकावर दुधासारखा एक थेंब पडला. मग दोन. मग काचेवरून पांढरे ओघळ सुरू झाले. बाजूच्या गाडीतला एक जण म्हणाला, "काका, दूध तापत ठेवलंय काय वर?" चारपाच जण हसले. मी त्याच्याकडं असं बघितलं की चौघांचं हसू तरी थांबलं.

खळ होती ती. सूत मागावर तुटू नये म्हणून ताण्याला खळ देतातच. वर यल्लव्वानं नव्या लुगड्याला देतात तसा आणखी एक हात दिलेला, कापड कडक दिसावं म्हणून. मग ते तसंच, कोरंच, कमानीवर ताणून शिवलं. भिजवून बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही, आणि येणार कसं? विणकर आपलं कापड धूत नाही. मागावरून उतरलं, घडी घातली, व्यापाऱ्याकडं गेलं. पाण्यात ते आटतं की फुगतं, हे गिऱ्हाईकाच्या मोरीत ठरतं. जन्मभर कापड विणलेल्या या दोघांनी आपलं कापड भिजलेलं आज पहिल्यांदा बघितलं.

आणि ते आटलं. पुढच्या चौकटीवरचं पहिलं टिचबटण टक्कन सुटलं. मग दुसरं. मग सगळी ओळ. भरमू दोन्ही हातांनी कापड पुढं ओढत होता आणि ते आक्रसून मागं जात होतं. शेवटी यल्लव्वाच्या डोक्यावर उघडं आभाळ आलं आणि मांडीवर खळीचं पाणी.

दिग्विजय हळू आवाजात म्हणाला, "भरमूअण्णा, आमच्या एकाचं जुनं टप व्हॅनमध्ये आहे. याच मॉडेलचं. बसेल. लावू का?"

"कशाचं हाय?"

"रेक्झिनचं."

भरमूनं बायकोकडं बघितलं नाही. "नको," तो म्हणाला. "तुम्ही व्हा म्होरं. आम्ही जातो घरला."

"अरे पण घाट..."

"नको म्हटलं न्हवं! हिच्या कापडाखालनं जाईन, न्हायतर जाणार न्हाय."

मला तर त्याला शाबासकी द्यावीशी वाटली. असा पाहिजे माणूस! पण यल्लव्वा गाडीतून उतरली, पदर पिळला आणि सगळ्यांसमोर नवऱ्यावर घसरली.

"अवो, कापड कुणाचं?"

"तुझं."

"आटलं कुणाचं?"

"...तुझंच की."

"मग लाज वाटली तर मला वाटंल. तुम्ही कशापायी तोंड पाडून उभारलाय? खड्ड्यात बसून बसून माझी शेड सारी तेलानं भरली, ती काय घरला माघारी जायला? सुम्म गप बसा." मग दिग्विजयला म्हणाली, "आणा वो ते रेक्झिन."

टप आलं. मेकॅनिक बसवायला लागला, तर हिनं त्याच्या हातातून काढून घेतलं, उलटं केलं, शिवणीवर नख फिरवलं, नाकाशी नेऊन हुंगलं. "आत सुती कापडच हाय की! वर नुसतं लिंपलंय. आणि ही शिवण बघा, दुमडून दोनदा मारलीया, म्हणून पाणी येत न्हाय. आमची एकेरी हुती." वीत लावून लांबी मापली, कमानीवर किती सैल ठेवलंय ते बोटांनी बघितलं. मघाशी दुधाचं विचारणारा गडी आता वाकून तिच्या शेजारी उभा होता आणि तिनं त्याला टपाचं एक टोक धरायला लावलं होतं.

गाड्या निघाल्या. मला घरी कामं होती, दुपारी एक बैठकही होती. पण दिग्विजयनं व्हॅनचं दार उघडून "येताय?" म्हटलं आणि मी चढलो. का चढलो ते विचारू नका. तो आवाज खरंच माघारी येतो का, हे कळल्याशिवाय मला बैठकीत काही सुचलं नसतं.

संकेश्वर मागं पडलं. तवंदीच्या घाटात पाऊस निवळून नुसतं धुकं राहिलं. व्हॅन सगळ्यांच्या शेवटी, आमच्या पुढं हिरवी गाडी. पहिल्या वळणावर भरमूनं गियर खाली घेतला आणि तो आवाज आला. जाड, घोगरा, कुणी मोठ्या छातीच्या माणसानं हुंकार द्यावा तसा. तो डोंगरावर गेला आणि डोंगरानं खरंच परत दिला. मेकॅनिकनं रेडिओ बंद केला. पुढचं वळण, पुन्हा तेच. धुक्यात गाडी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

निपाणीत गाड्या थांबल्या तसा मी पळत भरमूपाशी गेलो. "ऐकलास?"

भरमूनं इंजिन बंद केलं. "कुठलं अण्णा? ही सारा घाट बोलत हुती. कापड आधी भिजवून घ्यायचं, वाळवायचं, मग कापायचं, दुहेरी शिवण, मेणाचा हात... एक आवाज कानात शिरू दिला न्हाय."

"मग काय," आतून यल्लव्वा म्हणाली, "आठवतंय तवर बोलाय नको? आणि जाताना हाय की घाट. तवा ऐका."

"तवा गप बसशील?"

"बघू," ती म्हणाली, आणि खाली उतरायच्या आधी हात वर करून टपाची मागची शिवण आणखी एकदा चाचपली.